पाहिलेलं आणि वाटलेलं: माझी पहिली बालसंरक्षणाची केस

जून २०२४ मध्ये मी ठाण्यातल्या एका संस्थेत केसवर्कर म्हणून रुजू झाले. त्याआधी चार वर्षं शिक्षणाच्या प्रकल्पावर होते. वस्त्या ओळखीच्या होत्या, हातात समाजकार्याची, एमएसडब्ल्यूची पदवी होती. तरी पहिली केस आली तेव्हा रात्र रात्र झोप लागेना. मूल घरी राहू द्यायचं की घरातून काढायचं, याबद्दल आपण कागदावर जे लिहू ते वाचून बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, आदेश काढणार, ही जबाबदारी खांद्यावर आल्याशिवाय कळत नाही. नव्यानं या कामात येणाऱ्या कुणाला तरी आधार वाटावा म्हणून नोंदवहीतल्या तारखांसकट लिहिते आहे.

मुलीचं वय, वस्ती, घरातले काही तपशील बदलले आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि कलम नसतं तरी मी केली नसती. इथे तिला छोटी म्हणते.

९ जुलै, मंगळवार. आदल्या दिवशीच्या पावसानं लोकल कोलमडल्या होत्या, ऑफिसात निम्मेच लोक. साडेअकराला पालिका शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. तिसरीतली मुलगी, जूनमध्ये शाळा उघडल्यापासून तीनच दिवस आलेली. आली तेव्हा उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला वळ आणि कानामागे काळंनिळं. विचारलं तर म्हणाली, "पडले." वडील २०२२ मध्ये वारलेले, आई धाकट्या मुलाला घेऊन जालन्याकडे गावी, आणि छोटी दिघ्याच्या बाजूला मावशी-काकांकडे शिकायला ठेवलेली. बाईंनी प्रत्येक गोष्ट तारीख-वार घालून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. पुढे साऱ्या फाइलमध्ये त्या पानाएवढा कामाचा कागद दुसरा नव्हता. शिक्षक हे वाचत असतील तर एवढंच सांगते: शंका आली की त्याच दिवशी दोन ओळी लिहा, आणि मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनला फोन करायला पुराव्याची वाट बघू नका.

१० जुलैला मी पहिली गृहभेट केली. फोन करून गेले, ही पहिली चूक. चाळीतली एक खोली, पण लख्ख. खाली लाद्या, मांडणीवर घासलेली भांडी ओळीनं, खिडकीला पडदा. मावशीनं खुर्ची पुसून दिली. छोटी दोन्ही हातांनी ताट धरून पाणी घेऊन आली आणि मी ग्लास रिकामा करेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. "शाळेत जायला आवडतं ना?" मी मावशीसमोरच विचारलं. तिनं आधी मावशीकडे पाहिलं, मग "हो" म्हणाली. पस्तीस मिनिटांत मी बाहेर. परतताना दिघा गाव स्टेशनच्या बाकावर बसून लिहिलं: "घर स्वच्छ. मावशी सहकार्य करणारी. मुलगी वळणाची, शांत, आज्ञाधारक. पडल्याचे सांगते. धोका: कमी."

आमच्या वरिष्ठ मॅडमनी ते वाचलं. रागावल्या नाहीत. पेन्सिल घेतली, कोऱ्या कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि वर तीन शब्द लिहिले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. म्हणाल्या, "आता हेच परत लिही." मी लिहायला बसले तर "वळणाची", "सहकार्य करणारी", "शांत" सगळं तिसऱ्या रकान्यात गेलं. पहिल्या रकान्यात उरलं ते असं: पस्तीस मिनिटांत मुलगी एकदाही बसली नाही. उत्तराआधी तिनं मावशीकडे पाहिलं. अंगात पूर्ण बाह्यांचा झगा होता, दंड मी बघितलाच नाही. दुपारी दोन वाजता, शाळेच्या वेळेत, ती घरी होती. घरात वही-पुस्तक दिसलं नाही.

मग त्यांनी लंडनमधल्या व्हिक्टोरिया क्लिम्बीची हकीकत सांगितली. आयव्हरी कोस्टमधली मुलगी, चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईवडिलांनी नात्यातल्या बाईच्या हवाली केलेली. २५ फेब्रुवारी २००० ला ती गेली तेव्हा आठ वर्षांची होती आणि अंगावर १२८ जखमा होत्या. समाजसेवा विभाग, पोलीस, दवाखाने, सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल जानेवारी २००३ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट मला अजून टोचते. ती मुलगी त्या बाईसमोर ताठ उभी राहायची, आणि ते तिच्याकडच्या संस्कृतीतलं आदरानं वागणं असेल असं सामाजिक कार्यकर्तीला वाटलं होतं. मी "वळणाची" लिहिलं होतं. शब्द वेगळा, चूक तीच.

वळांबद्दलही त्याच दिवशी शिकले. मुलं पडतात तेव्हा गुडघे, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी इथे लागतं, म्हणजे हाड पुढे असतं तिथे. दंडाची आतली बाजू, कान, मान, पाठ, मांडीची आतली बाजू इथे नुसतं पडून सहसा लागत नाही. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रंगावरून वळ किती दिवसांचा आहे ते ठरवायला जाऊ नये, त्यात चुका होतात. आणि निदान आपण करायचं नाही. कुठे, केवढा, आणि कुणी काय कारण सांगितलं, एवढं नेमकं लिहायचं.

१२ जुलैला सकाळी साडेसहाला न सांगता गेले. छोटी सार्वजनिक नळावर होती, दोन्ही हातांत कॅन. मी एक कॅन घेतला आणि तिच्याबरोबर घरात शिरले. रात्रीची अंथरुणं अजून उचलली नव्हती. तिचं अंथरूण ओट्याखाली, सिलेंडरच्या शेजारी, घडी घातलेली गोधडी. दप्तर छताजवळच्या खिळ्याला. तिचा हात पोचणार नाही इतकं उंच, आणि वर धुळीचा थर. मावशीनं भाकरी उलटायला उलथनं उचललं आणि छोटीनं मान बाजूला घेतली. उलथनं तव्याकडे चाललं होतं, तिच्याकडे नाही. मावशीला ते दिसलंही नसावं. मी काही बोलले नाही, फक्त घड्याळात वेळ पाहून ठेवली.

कोण कुठे झोपतं हे मी आता प्रत्येक भेटीत बघते. विचारून ते कळत नाही, सकाळी लवकर जावं लागतं.

मावशी त्या दिवशी बरीच बोलली. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला बारा-बारा तास. मार्चपासून नवऱ्याचं काम सुटलेलं, तो दिवसभर घरी, आणि पितो. "हिच्या आईला मी शब्द दिलाय ताई, पण मलाच पुरत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाही भरून आलं. तिची दया येणं आणि त्या घरात मुलगी सुरक्षित नसणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. यातलं एक दुसऱ्याला खाऊ लागलं की अहवाल वाकडा होतो. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "रात्री आवाज येतो." हे "ऐकलं"मध्ये. एकाच तोंडून आलेलं म्हणून पुढे अंगणवाडीताईंना विचारलं, शाळेची हजेरी घेतली. बाईंनी नोंदलेल्या वळांच्या तारखा आणि मावशीच्या सलग शिफ्टचे दिवस शेजारी शेजारी मांडले तर तीनपैकी दोनदा जुळत होते. सुट्या सुट्या घटना मामुली वाटतात. तारखा खालोखाल लिहिल्या की दिसायला लागतं.

१५ जुलै, सोमवार. बाईंनी निरोप धाडून छोटीला शाळेत आणवलं. वाचनाच्या खोलीत आम्ही दोघी जमिनीवर बसलो, दार उघडं, बाई दिसतील अशा अंतरावर. मी आधीच सांगितलं, "तुला त्रास होतोय असं कळलं तर मी मॅडमना सांगणार, कारण तुला मदत करायची आहे." कुणाला सांगणार नाही असं वचन मुलाला कधीही देऊ नका, ते पाळता येत नाही आणि मूल ते विसरत नाही.

"मावशी मारते का?" असं विचारायचं नाही हे पाठ होतं, पण जिभेवर तेच येत होतं. त्याऐवजी म्हटलं, "काल उठल्यापासून काय काय केलंस, सांग." ती गप्प. मीही गप्प राहिले. त्या चार-पाच मिनिटांत मला किती वेळा बोलावंसं वाटलं! मग तिनं कागद ओढून घर काढलं, ओटा काढला, खाली स्वतःला काढलं. "इथं गरम होतं," म्हणाली. "आणि?" "चुकलं की उलथनं." "चुकलं म्हणजे?" "पाणी सांडलं. भात लागला." मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले, सुधारले नाहीत. उठताना तिनं विचारलं, "मी सांगितलं ते मावशीला कळेल?"

या प्रश्नानं सगळं बदललं. आता ती पाच वाजता त्याच घरी गेली तर आमच्या बोलण्यामुळेच तिला मार पडू शकत होता. मॅडमना फोन केला आणि दोघींनी मोठ्यानं मोजलं: वय लहान, इजा एकदाच नाही, इजेच्या जागा पडण्याच्या नाहीत, तिचं शाळेत जाणं बंद म्हणजे बाहेरचं कुणी बघणारं नाही, काका दिवसभर घरी आणि पिणारा, आई चारशे किलोमीटरवर. दुसऱ्या बाजूला: मावशी बोलते, ऐकून घेते, शेजार आहे. आजच्या रात्रीपुरती सुरक्षा आणि पुढच्या वर्षाचा धोका हे दोन प्रश्न वेगळे असतात. आजच्या रात्रीचं उत्तर "नाही" होतं.

दीडला जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना कळवलं. तीनला साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस आल्या. एक हद्दीची गोष्ट लक्षात ठेवा. नवी मुंबई म्हटलं तरी ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे रायगडमध्ये. समिती जिल्ह्यावरून ठरते, बोर्डावर नवी मुंबई लिहिलंय यावरून नाही. आणखी एक: छोटीच्या बोलण्यात लैंगिक अत्याचाराचं काही आलं असतं तर मी तिथेच थांबले असते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि तेच पुन्हा पुन्हा मुलाच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे.

तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात सव्वाचारला पोचलो आणि पावणेनऊला निघालो. अपघाताचे रुग्ण येत होते, आमचा केसपेपर मागे सरकत होता. छोटीनं दोन केळी आणि अर्धा वडापाव खाल्ला. डॉक्टरबाईंनी शरीराच्या आकृतीवर पाच खुणा केल्या, मी दोनच पाहिल्या होत्या. आता माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, स्केचपेन आणि मुलांच्या कपड्यांचा एक जोड कायम असतो.

मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती महिन्यातले किमान वीस दिवस बसते. बैठक नसेल तेव्हा कलम २८ प्रमाणे एका सदस्यासमोरही नेता येतं, हे माहीत असू द्या, नाहीतर रात्री घाबरायला होतं. आम्ही पावणेदहाला सदस्यांसमोर होतो, सव्वाअकराला बालगृहात. दारात छोटीनं विचारलं, "माझं दप्तर?" दुसऱ्या दिवशी पोलिसांबरोबर जाऊन आणलं. मी घरी पोचले, आईनं ताट वाढलं, घास घशाखाली उतरला नाही. छोटीला मी तिच्या माणसांतून काढलं होतं, आणि ते बरोबर की चूक हे त्या रात्री मला माहीत नव्हतं.

१७ तारखेला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी. १८ जुलैला समितीसमोर पूर्ण सुनावणी. मुलाला समितीपुढे हजर करतानाचा अर्ज, नमुना १७, भरलेला होता. समितीनं गृहचौकशी अहवाल मागवला, तो नमुना २२ मध्ये, १५ दिवसांत द्यायचा.

या पंधरवड्यात मी उलट्या बाजूची चूक केली. छोटीची आजी, वडिलांची आई, तुर्भ्याच्या बाजूला दगडखाणीलगतच्या वस्तीत राहते आणि स्टेशनबाहेर भाजी विकते. पत्र्याचं घर, दोन ठिकाणी गळतं, खाली पातेली ठेवलेली. मी लिहिलं: "घर मुलीसाठी असुरक्षित." मॅडमची पेन्सिल पुन्हा आली. "नेमकं काय असुरक्षित?" गळकं छप्पर ही गरिबी, ताडपत्रीनं सुटणारी. पण घरामागे पावसानं भरलेला खाणीचा खड्डा होता, त्याला कुंपण नाही. तो खरा धोका, आणि गळतीखालच्या पातेल्यांकडे बघताना मी त्याच्यावर अर्धी ओळ लिहिली होती. तिकडे लाद्या बघून "धोका कमी" आणि इकडे पत्रा बघून "असुरक्षित". दोन्ही वेळा मी घर पाहिलं होतं, मूल नव्हे.

मग आजीकडे तीनदा गेले. शेजारच्या दोन घरांतली मुलं तिच्याकडे जेवताना दिसली. छोटी लहानपणी कशाला घाबरायची, तिला काय आवडतं, हे आजीनं न विचारता सांगितलं. मावशीला छोटीबद्दल विचारलं होतं तेव्हा फक्त कामं आणि चुका ऐकायला मिळाल्या होत्या.

२५ जुलैला आई रात्रीच्या गाडीनं आली. बालगृहात माय-लेकींची भेट झाली तेव्हा मी कोपऱ्यात बसून फक्त पाहिलं. छोटी आधी लांब उभी राहिली, मग आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आईला दोष देणं सोपं होतं. तिला बहिणीवर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग दिसला नव्हता. "इकडं सासूकडं राहून काम शोधते," असं तिनं स्वतः म्हटल्यावरच मी ते अहवालात घातलं, आम्ही सुचवून वदवलेलं नाही.

कागदांचं सांगते. वयासाठी शाळेचा दाखला किंवा पालिकेचा जन्मदाखला लागतो, नुसत्या आधार कार्डावर अडून बसू नका. शाळेतली आणि जन्मदाखल्यावरची तारीख वेगळी निघाली तर दोन्ही जोडा, लपवू नका. गावाकडच्या परिस्थितीसाठी जालन्याच्या बाल संरक्षण कक्षाला पत्र पाठवलं, उत्तराला एकोणीस दिवस लागले, तेव्हा पत्र पहिल्याच दिवशी टाका. रिक्षा, झेरॉक्स, खाणं, दवाखान्याच्या फेऱ्या मिळून माझ्या पर्समधून २,८६० रुपये गेले. ते ऑक्टोबरमध्ये परत मिळाले, कारण पावत्या जपल्या होत्या.

१ ऑगस्टला नऊ पानी अहवाल दिला. शेवटच्या भागात तीन प्रश्न धरले होते: काळजी कशाची वाटते, चांगलं काय आहे, काय झालं की मूल घरी सुरक्षित म्हणता येईल. ही पद्धत नव्वदच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात बालसंरक्षणाच्या कामातूनच तयार झाली, आपल्या वस्तीतही ती चालते. तिसऱ्या प्रश्नाखाली "आईनं लक्ष द्यावं" असलं मोघम काही लिहायचं नाही. मी लिहिलं: खड्ड्याकडचं मागचं दार बंद राहील, आई कामावर असेल तेव्हा छोटी आजीबरोबर किंवा नाव दिलेल्या शेजारणीकडे, शाळेतून सलग दोन दिवस गैरहजेरी झाली तर बाई मला फोन करतील, मावशी-काकांकडे राहायला पाठवायचं नाही.

६ ऑगस्टला समितीच्या एका सदस्यांनी सरळ विचारलं, "घर गळतं असं तुम्हीच लिहिलंय, मग बालगृह काय वाईट?" पाय थरथरत होते. मी म्हटलं, गळती थांबवता येते आणि आमच्या यादीत ती आहे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा असं कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. आणि या घरात तिला ओळखणारी माणसं आहेत. चुकीचं ठरलं तर कळायला किती दिवस लागतील, असं त्यांनी पुढे विचारलं. तो प्रश्न मला फार योग्य वाटला. पहिला महिना दर आठवड्याला भेट, त्यातली निम्मी न सांगता, असं मी तिथेच लिहून दिलं.

जालन्याचा अहवाल आल्यावर समिती छोटीशी एकटीशी बोलली. २९ ऑगस्टला, बालगृहातल्या पंचेचाळीस दिवसांनंतर, हमीपत्र घेऊन तिला आईच्या ताब्यात दिलं. सप्टेंबरात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. महिना २,२५० रुपये मिळतात. वडिलांचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक, सगळं जमवायला तीन आठवडे गेले. पहिला हप्ता अजून आलेला नाही, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटचा आदेश ११ नोव्हेंबरला झाला, समितीच्या चौकशीला असलेल्या चार महिन्यांच्या मुदतीच्या आत. पोलिसांकडचा भाग चालू आहे, त्यावर इथे लिहिणार नाही. मावशीला मी अजून भेटते. ती दार उघडते.

३ जानेवारीला आजीकडे न सांगता गेले. मागच्या दाराला कडी होती, पत्र्यावर निळी ताडपत्री. दप्तर जमिनीवर उघडं पडलेलं. आजी म्हणाली, "छोटे, ताईला पाणी आण." छोटीनं मान वर केली नाही. "तूच आण की, माझं गणित चाललंय." आजी पुटपुटत उठली. मी वही उघडली आणि "पाहिलं" या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.